पटाचा बैल आणि समुद्राची चकरी

आदिलाबादकडच्या आमच्या भीमपुरात मासे धरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण गळाच्या काठीवरची दोर गुंडाळायची चकरी पारखून घेण्यासाठी शेजाऱ्याचा शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा, बैल मागून आणणारी एकच निघाली, आणि ती माझी सख्खी मोठी बहीण आहे. तिचं नाव बयनाबाई. शाळेत गणित शिकवते, निवृत्ती आता तोंडावर आली आहे. मी नागसेन, तिचा धाकटा भाऊ, मंडल ऑफिसात कारकून. लोकांना पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, नकला देता देता माझा स्वभाव तिरसट झाला आहे, असं घरचे म्हणतात. असेल. पण ज्या दिवशी महिपतभाऊंचा बैल सोयाबीनच्या रिकाम्या रानातून दोर घेऊन सुटला, त्या दिवशी हा तिरसट माणूस बांधावर उभा राहून पोरासारखा ओरडत होता, हेही खरं आहे.

अक्काचा हा नाद लहानपणापासूनचा. आमचे आईबाप दुसऱ्यांच्या कापसात राबायचे. रानातून घरी यायची वाट पैनगंगेच्या काठानं, आणि अक्काच्या हातात कायम एक बांबूची काठी. तिच्या गळाला काही लागलं तर त्या दिवशी ज्वारीच्या भाकरीला कालवण, नाहीतर मिरची. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, बाजारातून मासे आणणं सहज परवडू लागलं, तरी रविवार नदीचाच राहिला. भाऊजी होते तोवर तेही डबा घेऊन शेजारी बसायचे. मासे धरायचे नाहीत, नुसते बसायचे.

या साध्यासुध्या नादाला वळण लावलं ते विनयनं. हा तिचा जुना विद्यार्थी, गणितात कच्चा, आता हैदराबादेत मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आहे. एका शिक्षक दिनाला त्यानं मॅडमना फ्लाय रॉड पाठवला. हा प्रकार आपल्या गळापेक्षा वेगळा. याला शिसं नाही, गांडूळ नाही. गळाला पिसं आणि केस बांधून माशी करायची, आणि जाड दोर डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे खेळवून ती माशी लांब नेऊन ठेवायची. अक्का शाळा सुटल्यावर मैदानात सराव करायची. मॅडम हवेत चाबूक हाणून राह्यल्या, अशी बातमी गावभर झाली. कोंबड्याची पिसं मागायला ती घरोघर जाऊ लागली तेव्हा लोकांना वाटलं, बाईंना कोणीतरी बाहेरचं सांगितलं. बाबासाहेबांचा फोटो दारात लावणाऱ्या बाईबद्दल असं बोलतात म्हणून मी दोघातिघांशी भांडलोही.

आमचे शेजारी महिपतभाऊ कापसाचे शेतकरी. एकदा त्यांनी तिला गंभीरपणे विचारलं, "म्याडम, मासा माशी खाते?"

"खाते ना."

"मंग तुमी माशीनं मासा धरता, का माशाले माशी चारता?"

"ज्या दिवशी जे होईल ते," अक्का म्हणाली.

खरी गोष्ट सुरू होते ती मागच्या वर्षीच्या संक्रांतीच्या सुट्टीत. अक्काचा एकुलता एक मुलगा धम्मदीप पोर्ट ब्लेअरला बंदराच्या ऑफिसात आहे. त्यानं आईला बोलावलं, बोट ठरवली आणि समुद्रात नेलं. तिथं जीटी नावाचा मासा असतो. रुंद कपाळाचा, चांदीसारखा, माणसाच्या पोराएवढा वजनदार आणि स्वभावानं आडदांड. तो अक्काच्या माशीवर आला. तिनं नदीवरची साधी चकरी नेली होती. चकरीला ब्रेक असतो, मासा पळाला की तो दोर सुटू देतो, पण फुकट सुटू देत नाही. अक्काच्या चकरीच्या ब्रेकमध्ये खारं पाणी गेलं आणि तो गच्च बसला. दोर ताणला, काठी वाकली, ब्रेक सैल करायचा नॉब फिरेना.

बोटवाला श्रीकाकुळमकडचा तेलुगू माणूस. तो ओरडला, "वदुलु चेय्यि!" म्हणजे सैल कर. आता आपल्या आदिलाबादच्या माणसाला तेलुगू येतं, पण ते बाजारातलं आणि ऑफिसातलं. 'चेय्यि' म्हणजे 'कर', आणि 'चेय्यि' म्हणजे 'हात'सुद्धा. वाऱ्यात धम्मदीपनं ऐकलं ते उलटं, 'हात सोड'. त्याला वाटलं, आई आता पाण्यात जाते. त्यानं झडप घालून तिच्या हातातली काठी घेतली. त्या हिसक्यात दोर तुटला.

घरी आल्यावर अक्कानं हे मला सांगितलं, आणि आधीच बजावलं, "त्यानं उलटं ऐकलं, हे त्याले सांगू नको. त्यानं मायेनंच घेतली." मग बराच वेळ ज्वारी निवडत बसली आणि म्हणाली, "नागू, मासा सुटून गेला त्याचं काई नाई. माह्या हातातून काठी गेली न्, ते लागलं."

मला त्या पोराचा राग आला आणि कीवही आली. पण त्याहून जास्त मला अक्काचं तोंड आठवत राहिलं. या बाईच्या हातातून आजवर कोणी काही घेतलं नव्हतं. पाटी नाही, खडू नाही, भाऊजी गेल्यावर घराचा कारभार नाही. तिनं त्याच दिवशी ठरवलं होतं. पुढच्या संक्रांतीला परत जायचं, मासा स्वतःच्या हातानं बोटीपाशी आणायचा, आणि त्यासाठी अशी चकरी आणायची की कोणाला तिच्या काठीला हात लावावासा वाटणार नाही. निवृत्तीनंतर डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, मोतीबिंदू पिकत आलेला. डॉक्टरनं उन्हातल्या पाण्याकडे बघणं बंद करायला सांगितलं होतं. म्हणजे ही संक्रांत हुकली तर परत कधी जमेल याचा भरवसा नव्हता.

दसऱ्याच्या आधी धम्मदीपनं कुरिअरनं एक चकरी पाठवली. काळी, जड, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी. फोनवर म्हणाला, "आई, ही सगळ्यात ताकदीची हाय. बैलाले बी थांबवते."

दसऱ्याच्या सुट्टीत विनय गावी आला तो दुसरी चकरी घेऊन. तीही मोठी, पण मधून पोकळ. दोर ज्या गाभ्यावर गुंडाळतात तो चांगला रुंद, आणि ब्रेक पूर्ण बंद डबीत, रबराच्या कड्या लावून. दोन्ही चकऱ्या बाजेवर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मी बिनदिक्कत काळीवर बोट ठेवलं. वजनदार वस्तू चांगली, हा माझा आयुष्यभराचा समज. विनय म्हणाला, "मामा, वजनाचं नाई, गाभ्याचं बगा. गाभा रुंद असला की एका फेऱ्यात दोर जास्त गोळा होते."

"पण थांबवते कोणती?" मी विचारलं.

विनय परत गाभ्यावरच बोट ठेवून दाखवू लागला. दुकानात काचेच्या कपाटासमोर उभं राहून समुद्राचा मासा कोणी पाहिला आहे. अक्का दोन्ही चकऱ्या उलटसुलट करत होती. तिचं लक्ष कुठं गेलं ते मला तिच्या भुवया वर गेल्यावर कळलं.

"धम्मदीप म्हणते ना, बैलाले थांबवते," ती म्हणाली. "मंग बैलालेच विचारू."

मला वाटलं थट्टा करते आहे. गणिताच्या बाईला थट्टा येत नाही हे मी विसरलो होतो. ती आत गेली, बादलीत पाणी घेतलं, मिठाची आख्खी पिशवी ओतली आणि दोन्ही चकऱ्या त्यात बुडवल्या. विनयचा चेहरा पडला.

"म्याडम, ही दुकानाची हाय. मले परत न्यायची हाय."

"समुद्र काय गोडा असते? राहू दे सकाळपर्यंत."

महिपतभाऊंकडे वकील नावाचा बैल आहे. पैनगंगेपल्याड महाराष्ट्रात पट भरतो तेव्हा ते त्याला तिकडे नेतात. कोणाचं ऐकून न घेता मधेच सुटतो म्हणून त्याचं नाव वकील. महिपतभाऊ आधी नाहीच म्हणाले. मग त्यांनी अटी घातल्या. गळ नाही, शिंगाला काही नाही, गळ्यातल्या पट्ट्याला बांधायचं, आणि दोराच्या टोकाला असा कच्चा धागा लावायचा की जोर पडला की आधी तोच तुटावा. अक्कानं सगळ्या मान्य केल्या. वर तिनं एक बाजरीची गंजी उचलून बाजूला ठेवायला लावली, बैलाला लागू नये म्हणून. तेव्हा महिपतभाऊ विरघळले.

सकाळी सोयाबीन निघालेलं रान मोकळं पडलं होतं. गाव जमलं. मी आमच्या खात्याच्या सवयीनं लोकांना रेघेच्या मागे उभं केलं, कोणी ऐकलं नाही. अक्कानं आधी काळी चकरी लावली, हात खाऱ्या पाण्यात भिजवले, पाय रोवले आणि मान हलवली. महिपतभाऊंनी वकीलच्या पाठीवर थाप दिली.

वकील सुटला आणि काळी चकरी अडकली. रात्रभरच्या मिठाच्या पाण्यानं तिचा ब्रेक धरत होता, सोडत होता, परत धरत होता. पहिल्याच हिसक्याला धागा पट्कन तुटला आणि बैल आपल्या मस्तीत निघून गेला. लोक हसले. अक्का हसली नाही. तिचा अंगठा नॉबवर होता आणि तो ओल्या बोटांखाली नुसता निसटत होता. मला मागच्या वर्षीची बोट डोळ्यांपुढे आली.

दुसऱ्यांदा नॉब कोरडा पुसून, चांगला सैल करून बैल सोडला. आता दोर बरा सुटला. वकील अर्ध्या रानात गेला तेवढ्यात महिपतभाऊंच्या पत्नी रेणुकाबाई घरून सरकीच्या ढेपेचं घमेलं घेऊन मजा बघायला आमच्या बाजूला आल्या. वकीलनं मान वळवली, घमेलं पाहिलं आणि गर्रकन फिरून सरळ आमच्याकडे निघाला. बैल पळताना दोर ताठ असतो, बैल अंगावर आला की तोच दोर सैल पडतो. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अक्का जीव खाऊन चकरी फिरवत होती, पण काळीचा गाभा बारीक, एका फेऱ्याला वीतभर दोर. रानात दोराचं नुसतं वेटोळं झालं. वकीलचा पाय त्यात गुंतणार, एवढ्यात अक्कानं काठी खाली टाकली आणि हातानं दोराला हिसका देऊन धागा तोडला.

"मासा असा आला असता तं गळ तोंडातून पडला असता," विनय म्हणाला.

"तिसरी खेप," अक्का म्हणाली. "रेणुकाबाई, घमेलं घेऊन तिथंच थांबजा."

आता दुसरी चकरी. वकील सुटला आणि तिच्यातून आवाज आला तो एकसारखा, जात्यातून पीठ पडावं तसा, मधे कुठं अडखळणं नाही. अक्कानं बैल पळत असतानाच ओल्या बोटांनी नॉब थोडा घट्ट केला, परत सैल केला, आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी भाऊजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. वकील घमेल्याकडे वळला. अक्कानं चकरी फिरवायला घेतली आणि काय सांगू, बैल जेवढ्या वेगानं येत होता तेवढ्याच वेगानं दोर गोळा होत होता. एकदाही सैल पडला नाही. मी ओरडत होतो, महिपतभाऊ ओरडत होते, विनय दुकानाची वस्तू विसरून नाचत होता. वकील रेणुकाबाईंपाशी येऊन घमेल्यात तोंड घालून उभा राहिला, तरी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यापासून अक्काच्या काठीपर्यंत दोर ताठ होता.

तिनं त्याच संध्याकाळी धम्मदीपला फोन लावला. "तुह्या चकरीनं बैल थांबवला नाई."

"आई, तू खरंच बैलाले बांधली?"

"मले थांबवायचा नाई न् बाबा. मले पळू द्यायचा हाय. पळाला तरी माह्याजवळ राह्यला पायजे." तो रुसू नये म्हणून तिनं लगेच सांगितलं की काळी चकरी नदीवर वापरीन. पोरगा रुसला नाही. पण तिला जे म्हणायचं होतं त्यातलं अर्धंच त्याला कळलं, असं मला वाटलं.

संक्रांतीला मीही सोबत गेलो. हैदराबादहून विमान, मग पोर्ट ब्लेअर. मी पिशवीत काळा मसाला, लसूण, सुकं खोबरं घेतलं होतं, एवढा मोठा मासा मिळणार म्हटल्यावर तयारी नको का. बोटीत बसल्यावर तोच श्रीकाकुळमचा बोटवाला म्हणाला, इथं जीटी धरायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. मी म्हटलं, मग धरायचाच कशाला. अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. शिवाय तोवर मला उलट्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे माझ्या मताला तशीही किंमत उरली नव्हती.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत अक्का नुसता दोर खेळवत होती, मागे-पुढे, मागे-पुढे. डोळ्यांतून पाणी गळत होतं, उन्हामुळे. धम्मदीप दोनदा म्हणाला, "आई, मी टाकू थोडा वेळ? तू बस." ती ऐकू न आल्यासारखं करत होती. मला त्याचा परत राग आला आणि तो लपवायला मी बोटीच्या कडेला वाकलो. तिथूनच मला दिसलं, खडकांच्या बाजूनं पाण्याखालून एक काळी सावली तिच्या माशीच्या मागे येत होती.

पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली आणि चकरी बोलू लागली. मी उलटी विसरून उभा राहिलो. मासा खडकाकडे निघाला होता. एकदा खडकात शिरला की दोर कापला जाणार हे मलाही माहीत होतं. अक्का पाय रोवून ओरडली, "होऽ, होऽ," जसं रानात सुटलेल्या बैलाला म्हणतात. मग त्याला वळवायला तिनं ब्रेक घट्ट केला, जरा जास्तच घट्ट. काठी कडकड वाजली, आणि अक्का बोटीच्या काठाकडे ओढली गेली.

"वदुलु चेय्यि, अम्मा! वदुलु चेय्यि!" बोटवाला ओरडला.

वारा तसाच होता, शब्द तेच होते. धम्मदीपचे दोन्ही हात पुढे आले. ते आईच्या मनगटापाशी पोचले होते. त्याच क्षणी अक्कानं डाव्या हाताची ओली बोटं नॉबवर नेली आणि तो सैल केला. दोर सुरकन सुटला, काठी सरळ झाली, अक्का पाठ ताठ करून उभी राहिली.

मी माशाकडे बघत नव्हतो. मी माझ्या भाच्याकडे बघत होतो. त्याचे हात तिथंच हवेत थांबले होते. वदुलु चेय्यि म्हणजे सैल कर. त्याला कळलं. वर्षभर मागे जाऊन सगळं कळलं, कोणी न सांगता. त्यानं आईच्या नॉबवरच्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि हात मागे घेऊन काखेत घट्ट दाबून धरले. मला रडू आलं. आलं तर आलं, समुद्रात कोण बघतं.

मासा खडक सोडून वळला आणि थेट बोटीवर आला. अक्का फिरवत सुटली. तिचा हात दिसत नव्हता एवढा भरभर फिरत होता. दोर एकदाही सैल पडला नाही. तो परत पळाला, परत आला, खोल गेला, वर आला. अक्काचा पदर खांद्यावरून सुटला होता. धम्मदीप तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि तिच्याबरोबर श्वास घेत होता, पण काखेतले हात त्यानं काढले नाहीत.

शेवटी तो बोटीला लागला. चांदीच्या परातीएवढं कपाळ, काळा डोळा, आमच्याकडे रागानं बघणारा. बोटवाला त्याची शेपटी धरायला वाकला तर अक्कानं त्याला थांबवलं.

"धम्मदीप," ती म्हणाली. "धर."

तो हललाच नाही. "मी?"

"तूच. मले दोन्ही हात पायजेत."

तिनं काठी त्याच्याकडे केली आणि ती स्वतःच्या मनानं सोडली. धम्मदीपनं ती दोन्ही हातांनी घेतली. अक्का बोटीच्या काठावर गुडघे टेकून बसली, बोटवाल्यानं दिलेला हातमोजा एका हातात चढवला, दुसरा हात तसाच उघडा पाण्यात घातला, आणि त्या माशाच्या अंगावरून फिरवला. एकदा, परत एकदा. "किती मोठा हाय रे," ती हळूच म्हणाली, आणि हसू लागली, आणि थांबेचना. बोटवाल्यानं गळ काढला. मासा क्षणभर तिच्या हातांत उभा राहिला आणि मग शेपटीचा एक फटकारा देऊन खाली गेला.

दोराला आता काहीच नव्हतं. तरी धम्मदीप ती काठी तशीच धरून उभा होता, आईनं परत मागेपर्यंत.